उजवा पावणेदोन, डावा दोन

प्रिय धाकटे,

रविवारी फोन ठेवताना तू म्हणालीस, "डोळ्यांचं सगळं नीट लिहून पाठव, पूर्वी लिहायचीस तसं लांबलचक." अकरा वर्षांनी तू मला काहीतरी करायला सांगितलंस आणि ते इतकं सोपं निघालं, म्हणून त्याच दुपारी मी कागद काढून बसले. आज गुरुवार आहे. मधल्या दिवसांत कागदावर तुझ्या नावापलीकडे काही उतरलं नाही. मी रोज डायरी लिहिणारी बाई, तेव्हा सुचत नव्हतं असं म्हणायला मला तोंड नाही. थकले होते, एवढंच म्हणते. तेही अर्धंच खरं आहे.

आधी फोनबद्दल. मावशीने तुला सांगितलं की मोठीला या वयात चष्मा लागला आणि तो खरं म्हणजे शाळेतच लागायला हवा होता. मग तू हिशोब मांडलास आणि मला फोन केलास. आवाज ओळखायला मला जरा वेळ लागला, तो जाड झालाय, आईसारखा. तू विचारलंस, "ताई, म्हणजे त्या दिवशी तुमच्या हॉस्पिटलच्या फाटकासमोर मी हात केला, तो तुला दिसलाच नसेल, हो ना?" आणि मी "हं" म्हणाले. मग तू रडलीस, मग स्वतःलाच हसलीस, "मी काय शहाणी गं, अकरा वर्षं फुगून बसले." मग वरची खोली रिकामी आहे, सुट्टीच्या आठवड्यात ये, तुझ्या मुलाला त्याची ही मावशी फोटोतच माहीत आहे, असं सगळं तू एका दमात बोललीस. मी येणार हे तू ठरवूनही टाकलंस. तर आता तू मागितलेलं सविस्तर.

सुरुवात झाली ती नव्या मायक्रोस्कोपपासून. आमच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं एकाच खिडकीशी बसते हे तुला माहीत आहे. रक्ताची स्लाइड घ्यायची, आयपीसला डोळे लावायचे, बारीक चक्री फिरवून चित्र स्पष्ट करायचं आणि पेशी मोजायच्या. यात मी कधी चुकले नाही, आणि हे मी बढाई म्हणून नाही, नोंदी बघून सांगते. फक्त एक तक्रार माझ्याबद्दल कायम होती. मी उठल्यावर त्या खुर्चीत जी बसेल तिला पहिल्यांदा चक्री फिरवावी लागायची. माझ्या शेजारी बसते तिला आम्ही सगळे रेडिओ म्हणतो, कारण ती बंद होत नाही. ती म्हणायची, "ही उठली की यंत्राला मोतीबिंदू होतो." सगळे हसायचे, मीही हसायचे. उठताना माझा धक्का लागत असणार, अशी मी समजूत करून घेतली होती आणि कित्येक वर्षं फार जपून उठत होते.

मग मागच्या महिन्यात कॅमेऱ्याचा मायक्रोस्कोप आला. त्यात आपण आयपीसमधून बघतो तेच चित्र समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर येतं आणि बाकीचे बसल्या जागी बघतात. शिकाऊ मुलांना दाखवायचं काम माझ्याकडे दिलं. मी स्लाइड लावली, चित्र अगदी सुरेख स्पष्ट केलं आणि म्हणाले, बघा. मग मागून एकीने म्हटलं, "मॅडम, अजून थोडं फोकस." मी पुन्हा आयपीसमध्ये पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे एकेक पेशी कोरून ठेवल्यासारखी होती. मी वर स्क्रीनकडे पाहिलं तर तिथे धुकं. म्हटलं, कॅमेरा सदोष आहे. तेवढ्यावर थांबले असते तर ती मी नव्हे. कंपनीला लेखी तक्रार पाठवली. उत्तर आलं नाही म्हणून दुसरी पाठवली, तिसरीत तर तारीखवार निरीक्षणं दिली. शेवटी कंपनीचा माणूस आला, मला वाटतं सकाळची पहिली गाडी पकडून. त्याने पाऊण तास सगळं उघडून पाहिलं, मग स्वतः फोकस केला आणि स्क्रीन काचेसारखा स्वच्छ झाला. निदान बाकीचे तसं म्हणाले. मला मात्र धुकं होतं तसंच दिसत होतं, आणि मी ते ठासून सांगितलं. तो अदबीने म्हणाला, "मॅडम, मशीन बरोबर आहे. तुम्ही डोळे कधी तपासलेत?"

रेडिओ त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसली.

आमच्या लॅबच्या डॉक्टरबाईंनी मला नंतर खोलीत बोलावून समजावलं. यंत्राची चक्री माझ्या डोळ्यांची चूक रोज भरून काढत होती. लांबचं कमी दिसणारा माणूस चक्री जराशी वेगळ्या जागी आणतो आणि त्याला अगदी स्वच्छ दिसतं, पण ते फक्त त्यालाच. त्या म्हणाल्या, "तुमच्यानंतर मला नेहमी एकाच बाजूला आणि एवढंच फिरवावं लागायचं. माझ्या बोटांना ठाऊक होतं, डोक्यात कधी आलं नाही." मी विचारलं, मग माझे बावीस वर्षांचे रिपोर्ट? त्या म्हणाल्या, "ते सगळे बरोबर आहेत बाई. उलट त्या खुर्चीतच तुम्हाला नीट दिसत होतं. उठल्यावर दिसत नव्हतं." हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. मी त्या संध्याकाळी डायरीत लिहिलं की सुटले. पण ते लिहितानाही हात जड होता.

डोळे मी आमच्या हॉस्पिटलमध्ये तपासले नाहीत, लाज वाटली. दोन गल्ल्या सोडून एक चष्म्याचं दुकान आहे, तिथे गेले. दुकानाच्या मागे पडदा लावलेली लांबट खोली, एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला अक्षरांचा उजळ तक्ता. तपासणारे गृहस्थ साठीचे, आवाज इतका संथ की मला मधेच झोप येईल असं वाटलं. त्यांनी नाकावर एक जड लोखंडी चौकट ठेवली आणि तिच्या खाचांत एकेक काच टाकून विचारायला लागले, "हे बरं की ते बरं?" धाकटे, एवढा साधा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नसेल आणि एवढा अवघडही. मला दोन्ही सारखेच बरे वाटायचे. मी म्हणायचे, पुन्हा एकदा आधीचं दाखवा. ते दाखवायचे. पुन्हा म्हणायचे, आता नंतरचं. खालची ओळ मी वाचली, मग माझ्या लक्षात आलं की शेवटची दोन अक्षरं मी वाचली नव्हती, आकारावरून ताडली होती. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "अंदाज चालतो हो." मी म्हटलं, मला नाही चालत, ती दोन धरू नका. ते हसले, "ताई, ही परीक्षा नाही. इथे कोणी नापास होत नाही." बाहेर बाकावर तीन माणसं खोळंबली होती. मी बाहेर आले तेव्हा त्यांतल्या एकाने घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

नंबर निघाला उजवा पावणेदोन, डावा दोन. त्या गृहस्थांनी विचारलं की शाळेत कोणी तपासलं नाही का. तेव्हा मला ती रांग आठवली. तुला आठवते का? आपल्या शाळेत एक माणूस आला होता, हातात पट्टी, भिंतीवर तक्ता. उंचीप्रमाणे रांग लावली, मी उंच म्हणून शेवटून तिसरी. माझ्यापुढच्या चाळीस पोरींनी ती ओळ मोठमोठ्याने म्हटली. माझी पाळी येईपर्यंत ती मला पाढ्यासारखी पाठ झाली होती. सगळ्या म्हणतात तेच आपणही म्हणायचं असतं, इतकंच मला कळलं. त्याने पाठीवर थाप मारून पुढे ढकललं. बसचे नंबर तर तूच वाचायचीस. लांबून बस दिसली की मी तुझ्याकडे बघायचे आणि तू "आपली नाही" किंवा "चल" म्हणायचीस. आई म्हणायची, मोठी आळशी आहे, मान वर करायचाही कंटाळा. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा कितीतरी दिवस मी चुकीच्या बसमध्ये चढत होते. मला वाटायचं, तुझ्या आठवणीने माझं लक्ष उडालंय.

फ्रेम निवडायला तुझे भाऊजी आले होते. चष्मा लागणाऱ्या माणसाला रिकाम्या फ्रेममध्ये स्वतःचा चेहरा दिसत नाही, ही गोष्ट त्या धंद्यातल्या कोणाला कशी सुचली नाही मला कळत नाही. मी आरशाला नाक टेकवून उभी. त्यामुळे निवडीचं सगळं काम त्यांच्याकडे गेलं. पहिली काळी जाड होती. ते म्हणाले, "हिच्यात तू माझा पगार कापशील." दुसरी सोनेरी, तर म्हणे, "ही लावून आलीस तर मी उठून उभा राहीन." तिसरीला काही बोलले नाहीत. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "हिच्यात तू तूच दिसतेस. बघ बुवा, चालतंय का." तीच घेतली. तपकिरी, साधी. दुकानदार म्हणाला, हा माल बरेच दिवस खपत नव्हता.

चार दिवसांनी चष्मा हातात आला. लोक म्हणतात, झाडाची पानं वेगवेगळी दिसायला लागली, चांदण्या दिसल्या. मलाही दिसल्या असतील. पण मला पहिल्यांदा दिसला तो आमच्या लॅबबाहेरचा लांब पडवीसारखा कॉरिडॉर, जिथे माणसं रिपोर्टसाठी बसतात. आजवर मी त्यातून रोज चार वेळा गेले आहे आणि मला तो शांत वाटायचा. दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर रंगीत ठिगळांसारखी माणसं. आता त्या ठिगळांना तोंडं होती. एक बाई दाराकडे टक लावून होती. एक म्हातारे गृहस्थ ओठ हलवत होते. एकाने मला पांढऱ्या कोटात येताना पाहिलं आणि त्याची मान एकदम ताठ झाली. मी त्याचा रिपोर्ट घेऊन चालले नव्हते, तरीही. हे सगळे लोक बावीस वर्षं माझ्याकडे असंच बघत असणार. घरी आले तर तुझे भाऊजी खोलीच्या त्या टोकाला पेपर घेऊन बसले होते. ते पेपर वाचत नव्हते, नुसते त्यावर नजर टेकवून होते, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका थकलेला होता. जवळ गेले तर नेहमीचे. दहा पावलांवरून माणूस वेगळा असतो, हे मला या वयात कळतंय. चष्मा काढला की अजून बरं वाटतं, हेही तुला सांगून टाकते. डोकं दुखतं म्हणून काढते, असं घरात सांगते.

आणि मग सुरू झाल्या माफ्या. बातमी लॅबमधून सगळ्या इमारतीत गेली, रेडिओ असताना दुसरं काय होणार. खालच्या मजल्यावरची परिचारिका आली, म्हणाली, "अहो, मी पाच वर्षं तुम्हाला शिष्ट समजत होते. हात केला की तुम्ही सरळ पुढे." शेजारच्या इमारतीतल्या बाई जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "आता कळलं बाई, आम्ही आपलं मनाला लावून घेतलं." प्रत्येकाकडे माझी एकेक जुनी आगळीक जपून ठेवलेली होती आणि ते ती आणून देत होते, हसत, हलक्या हाताने. मी म्हणायचे, अहो, खरंच दिसत नव्हतं. डायरीत मी त्यांची यादीच करायला लागले. आज आणखी एक सुटलं. आज दोन.

सातवे होते आमच्या हॉस्पिटलचे औषधवाले. ते म्हणाले, "मागच्या वर्षी तुम्ही मला पाहून रस्ता ओलांडलात, मला फार लागलं होतं. असो, आता उलगडा झाला." धाकटे, त्यांना मी पाहिलं होतं. ते बोलायला लागले की थांबत नाहीत आणि मला घरी जायचं होतं, म्हणून मी रस्ता ओलांडला होता. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, खरंच दिसत नव्हतं हो. इतकं सहज निघालं तोंडातून की घरी येईपर्यंत ते खोटं आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही. डायरीत त्यांचं नाव लिहिलं, मग खोडलं, मग त्या पानापुढे बसून राहिले. बुधवार होता तो. रविवारी तुझा फोन आला.

चष्मेवाल्या गृहस्थांनी मला एक विचारलं होतं, ते वर लिहायचं टाळलं. "इतकी वर्षं माणसं कशी ओळखलीत?" मी म्हटलं, चालीवरून. चेहरा ही फार जवळची गोष्ट आहे. खांदा कुठे झुकतो, पाऊल कसं पडतं, पिशवी कोणत्या हातात असते, यावरून मला रस्त्यापलीकडचं माणूस कळतं. ते म्हणाले, सगळेच असं करतात, शरीर आपली सोय बघतं.

तर आता ते लिहिते. त्या दुपारी, आईला जाऊन चार महिने झाले होते, मी कामावरून सुटून फाटकातून बाहेर आले आणि रस्त्यापलीकडे तू उभी होतीस. चेहरा दिसला नाही, तुझ्या म्हणण्यातलं तेवढं खरं आहे. पण एका पायावर भार टाकून, दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरून जगात दुसरं कोण उभं राहतं? मग तू हात वर केलास, हलवला नाहीस, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा नुसता वर धरलास. मी तुला ओळखलं. आणि मी वळून परत आत गेले. मागच्या दाराने बाहेर पडून भिंतीच्या कोपऱ्यावरून पाहिलं, तू तिथेच होतीस. म्हणजे मी तुला दोनदा पाहिलं. तुला वाटत आलंय की तू आईच्या शेवटच्या आठवड्यात आली नाहीस म्हणून मी रागाने तोंड फिरवलं. राग नव्हता गं. राग असता तर मी रस्ता ओलांडून तुझ्याशी भांडले असते. तीन वर्षं आईचं सगळं करून मी इतकी दमले होते की तुला पाहिल्यावर एवढंच मनात आलं, आता ही रडेल आणि मला हिला जवळ घ्यावं लागेल. तेवढं बळ माझ्यात नव्हतं. उद्या फोन करू म्हटलं. उद्या लाज वाटली. लाजेला वर्ष झालं, मग कारण काय सांगायचं हेच कळेना, आणि तू रागावली आहेस हे मावशीकडून ऐकून मला, देवाशपथ, सोपं वाटलं. तुझा चेहरा स्पष्ट दिसला असता तर मी पाऊल उचललं असतं का, असं या चार दिवसांत मी किती वेळा स्वतःला विचारलंय. पण तीही एक पळवाटच आहे, म्हणून ती धरू नकोस.

फोनवर मी "हं" म्हणाले आणि तू मला माफ केलंस, वर माझीच माफी मागितलीस. ती मी ठेवून घेऊ शकत नाही, म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच "जाऊ दे गं" म्हणाली असतीस आणि मी जाऊ दिलं असतं. सुट्टीच्या आठवड्याचा रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे, दिलेला नाही. हे वाचून झाल्यावरही ये म्हणालीस तर देईन. मुलाला काय सांगायचं ते तू ठरव. नाही म्हणालीस, तरी खरं लिहिल्याचा मला पश्चात्ताप होणार नाही, असं आत्ता लिहिलं. ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही. मी वाट बघते आहे, एवढं मात्र नक्की खरं आहे.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
ताई